मोगरी पिसाळली नव्हती

“त्या हिवाळ्यात मास्तरांची मोगरी पिसाळली. आळीतल्या लेकरांच्या जिवाला धोका नको, म्हणून मास्तरांनी काळजावर दगड ठेवला आणि आपल्या लाडक्या कुत्रीला स्वतःच्या हातांनी निरोप दिला. अशी त्यागी माणसे आता कुठे राहिली आहेत?”

आमच्या आळीच्या क्रुसाचा चौथरा यंदा नव्याने बांधला गेला आणि त्यानिमित्त एक स्मरणिका निघाली. तिच्या मधल्या पानांवर पास्कोलच्या आठवणी छापल्या आहेत. वरचा उतारा त्यांतला. पास्कोल माझा बालमित्र आणि शेजारी. उताऱ्यातील ‘मास्तर’ म्हणजे मी. निर्मळजवळच्या एका शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवले. मुलांचे निबंध ज्या नजरेने तपासले, त्याच नजरेने हा उताराही वाचला. त्यात तीन वाक्ये आहेत. पहिले असत्य आहे. दुसऱ्यात अर्धे सत्य आहे आणि तेच मला अधिक बोचते. तिसरे वाक्य म्हणजे प्रश्न आहे. त्याचे उत्तर एवढेच, की अशी माणसे तेव्हाही नव्हती. निदान आमच्या घरात तरी नव्हती.

“मास्तर, चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल,” असे आळीतले लोक म्हणतात. “या वयात आता कशाला भांडता?” निंदेला उत्तर देणे सोपे असते. स्तुती आधी गळ्यात हार घालते. मग तोंड उघडणारा माणूसच कृतघ्न ठरतो. मला हा हार नको. तो एका मुक्या जिवाला गुन्हेगार ठरवून गुंफलेला आहे.

यंदाच्या जानेवारीने ही जखम दुसऱ्याही एका बाजूने उघडली. माझी थोरली मुलगी वसई स्टेशनजवळच्या एका इमारतीत राहते. तिच्याकडे एक चिमुकली कुत्री आहे. चार दिवस बाहेरगावी जायचे म्हणून मुलीने तिला कुत्री सांभाळणाऱ्या एका ठिकाणी ठेवले होते. नंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. हात धुऊन बसतो तोच आतल्या खोलीतून आवाज आला. पाववाल्याच्या सायकलचा रबरी भोंगा कोणी अर्धाच दाबून सोडावा, तसा. पुन्हा एकदा. मग घशाशी काही अडकल्यासारखी ओकारी, आणि शेवटी फरशीवर थोडासा पांढरा फेस. मुलगी धावली. मी जागचा हललो नाही. तो आवाज मी चाळीसहून अधिक वर्षांनी ऐकत होतो, पण ओळखायला मला अर्धा क्षणही लागला नाही.

दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही हट्टाने गेलो. त्यांनी दोन बोटांनी कुत्रीचा गळा किंचित दाबला आणि तो भोंगा लगेच वाजला.

“केनेल कफ,” त्या म्हणाल्या. “कुत्री एकत्र कोंडली की एकमेकांना देतात. घाबरू नका काका. दोन-तीन आठवड्यांत बरी होईल. गळ्यातला पट्टा मात्र आजच काढा. पट्टा दाबला की खोकला जास्त येतो.”

“पाणी पितानाही ठसका लागतो?” मी विचारले.

“लागतो ना. तुम्हाला कसं माहीत?”

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. त्या हिवाळ्यात ती नऊ वर्षांची होती.

तो हिवाळा ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचा. आमच्या भागात त्या ऋतूला स्वतःचा असा एक वास होता आणि तो सुकेळ्यांचा होता. राजेळी केळी पिकवून, सोलून बांबूच्या ताट्यांवर उन्हात मांडायची. संध्याकाळी गोळा करून झाकायची. सकाळी पुन्हा मांडायची. आठवडाभरात त्यांचा रंग मधासारखा होतो, अंगाला सुरकुत्या पडतात, आणि आळीवर गोड, जडसर, किंचित आंबूस वास तरंगत राहतो. नाताळच्या चांदण्या घरोघर अजून टांगलेल्या असत, विहिरींवर पाटाचे पाणी खळखळत असे, आणि उन्हात उभे राहिले तरी सावलीकडची बाजू गार लागे. हल्ली आगाशीच्या बाजारात सुकेळी मिळतात ती प्लास्टिकच्या पुड्यांत. हुंगून पाहावे तर प्लास्टिकच हुंगावे लागते.

पास्कोलच्या आणि माझ्या ताट्या एकाच अंगणात असत. दोन घरांमध्ये कुंपण नव्हते. माझ्या थोरल्या मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातांवर धरणारा धर्मपिता तोच. आणि त्या अंगणाची राखण करणारी होती मोगरी. माझ्या मेव्हण्याने ती माहीमहून आणली होती. पांढरी, केसाळ आणि इतकी लहान, की केळीच्या घडाआड पूर्ण लपून जाई. नाव माझ्या पत्नीने, रेजिनाने ठेवले. कावळा ताटीवर उतरला रे उतरला, की हा चार शेर वजनाचा प्राणी असा काही धावून जाई, की कावळ्यालाही आपल्या मोठेपणाचा विसर पडे. “मास्तर, हे कुत्रं आहे की तोंडाला पावडर लावायचा फुगा?” पास्कोल विचारी. मोगरी त्याच्याकडे पाहून शेपूट हलवी. तिला माणसांची पारख नव्हती. मलाही नव्हती.

नाताळ सरल्यावर आमच्याकडे लग्नांचा हंगाम सुरू होतो. रेजिनाच्या भाचीचे लग्न माहीमला ठरले आणि आम्हाला चार दिवस जाणे भाग होते. पास्कोल स्वतःहून म्हणाला, “निर्धास्त जा. माझ्या ओटीवर राहील. पोरांच्या आधी तिला वाढीन.” हे शब्द मी जसेच्या तसे लिहीत आहे. स्मरणिकेत ते नाहीत.

आम्ही परतलो तेव्हा मोगरी नाचत सामोरी आली. अंगाला एक निराळाच, बंद खोलीसारखा वास येत होता. रेजिना म्हणाली, “ही कुठे राहिली होती?” पास्कोल हसला. “माझ्या ओटीवर. आमची ओटी एवढी वाईट आहे का?” पाचव्या दिवशी सकाळी सुकेळी मांडताना पहिला भोंगा वाजला. मुलगी पाव घ्यायला भांडे घेऊन दाराशी धावली आणि रस्त्यावर पाववाला नाही, म्हणून हिरमुसली. आम्ही सगळे हसलो. त्या आजाराचे आमच्या घरातले स्वागत असे हसून झाले.

दुपारपर्यंत हसणे संपले. ती मान पुढे ताणून खोकत होती आणि प्रत्येक खोकल्याच्या शेवटी ओकारी काढत होती. आता माझी पहिली चूक सांगतो. ती दुसऱ्या मुलखातल्या माणसाने कदाचित केली नसती. आम्ही समुद्राकाठची, रोज मासळी खाणारी माणसे. घशात काही अडकले म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे एकच वस्तू उभी राहते, ती म्हणजे काटा. आळीत असा एकही माणूस नसेल, ज्याने काटा उतरवण्यासाठी कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळलेला नाही. मी मोगरीला भाताचे गोळे भरवले. मग पिकल्या केळ्याचे. तिच्या सुजलेल्या घशातून ते कसे उतरले असतील, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. तीन दिवस मी औषध म्हणून तिला यातना देत होतो.

पास्कोल येऊन बसला आणि म्हणाला, “काटाच आहे. बोंबलाचा असेल.”

तो गेल्यावर रेजिना म्हणाली, “बोंबलाचा काटा कधी कुणाच्या घशात अडकलाय का? तो तर दाताखाली विरघळतो.” आम्ही घरात आमची बोली बोलतो, ती छापील अक्षरांत नीट उतरत नाही, म्हणून तिचे बोलणे साध्या मराठीत देतो. तिच्या बोलीतला जो उपहास होता, तो मात्र वाचकांनी स्वतःच कल्पावा. जन्मभर बोंबील खाल्लेला पास्कोल असे कसे म्हणाला, हा प्रश्न तिला पडला. मी शिक्षक असूनही मला पडला नाही.

मग पाण्याची पाळी आली. मोगरी वाडग्याशी जाई, दोन घोट घेई आणि ठसका लागून मागे सरे. तोंडाला फेस येई. आमच्या दुसऱ्या बाजूच्या शेजारीण फिलोमाय वयाने आळीत सर्वांत वडील. त्यांनी हे कुंपणावरून पाहिले. संध्याकाळी क्रुसापुढे रोझरीची प्रार्थना झाली आणि लोक पांगण्याऐवजी तिथेच थबकले.

“पाण्याला बघून बिचकते,” फिलोमाय म्हणाल्या. “मी डोळ्यांनी पाहिलं. फेस पण होता.”

“तुमच्या डोळ्यांना मागच्या महिन्यात रेड्याच्या जागी फादर दिसले होते, फिलोमाय,” मी म्हणालो. काही जण हसले.

पास्कोल हसला नाही. तो शांतपणे म्हणाला, “मास्तर, राग मानू नकोस. मी बोललो नाही इतके दिवस. पण ती पिसाळली आहे.”

सकाळपर्यंत जो काटा होता, तो संध्याकाळी रोग झाला होता. दुसऱ्या कोणी हे म्हटले असते, तर मी त्याला चार शब्द सुनावून घरी गेलो असतो. पण तो पास्कोल होता. त्याने म्हटले म्हणजे आळीने म्हटल्यासारखे झाले. बायकांनी मुलांना मागे ओढले. जिच्या गळ्यात मुले आदल्या आठवड्यापर्यंत झेंडूच्या माळा घालत होती, तिला मी त्या संध्याकाळी साखळीने बांधले. पट्टा दोन भोके आवळला, सुटू नये म्हणून. आवळलेल्या पट्ट्याने ती अधिक खोकली आणि जितकी अधिक खोकली तितकी आळीची खात्री पटत गेली. हे दुष्टचक्र मला कळायला चाळीस वर्षे आणि एक डॉक्टरीणबाई लागल्या.

मी ठरवले होते, की तिला गुरांच्या दवाखान्यात दाखवायचे. तसे मी क्रुसापुढेच सर्वांसमक्ष सांगितले होते. पास्कोलने लगेच म्हटले, “तू शाळेत जा. तुझी तपासणी आहे ना उद्या? मी नेतो तिला सायकलवर.”

सकाळी त्याने ओटीसमोर सायकल उभी केली. रेजिना दारात आडवी उभी राहिली. “देऊ नका. हा तिच्याकडे बघतच नाही, तुमच्याकडेच बघतो.” आळीतली पाच-सहा माणसे रस्त्यावर उभी होती. शाळेची तपासणी खरी होती, पण ते कारण नव्हते. आळीसमोर हेकट ठरण्यापेक्षा समंजस ठरणे मला हवे होते. मी साखळी सोडली, मोगरीला उचलले आणि त्याच्या हातांत दिले. ‘स्वतःच्या हातांनी’ हे स्मरणिकेतले शब्द खरे आहेत. ते मी खोडत नाही. मी तिला डॉक्टरकडे पाठवले होते, निरोप दिला नव्हता; पण हात माझेच होते.

दुपारी पास्कोल एकटाच परतला. “पिसाळलीच होती. डॉक्टरने सुई दिली. तिकडेच पुरली,” असे तीन तुकड्यांत त्याने सांगितले आणि सायकल भिंतीला लावली. संध्याकाळी लोक ओटीवर येऊन गेले. “मास्तर, तुम्ही होतात म्हणून. दुसऱ्यानं नसती दिली.” हा हार पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडला तो तेव्हा, आणि त्या संध्याकाळी मी तो काढला नाही. दुःखात तो थोडा उबदार वाटला, हेही सांगतो. रेजिना आत भांडी घासत होती आणि गरजेपेक्षा जास्त आवाज करत होती.

दवाखान्यात जाऊन मी चौकशी का केली नाही, असे माझी मुलगी विचारते. गेलो असतो तर उत्तर मिळाले असते आणि त्या उत्तराबरोबर पुढे जगावे लागले असते. मी सुकेळी मांडत राहिलो. राखणीला कोणी नव्हते. कावळे ताटीवर निवांत उतरत आणि मी त्यांना हाकलत नसे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तोंडाशी राजोडीची हिराबाय मासळीची पाटी घेऊन आली. पाटी उतरवून तिने इकडेतिकडे पाहिले.

“मास्तर, ती बारकी पांढरी कुत्री दिसत नाय?”

“तू तिला कधी पाहिलीस?”

“अरे देवा! बंगल्यात नव्हती काय, नाताळाच्या मागून? पास्कोलभावानं ठेवली व्हती. शेटची चार दांडगी कुत्री नि ती एक बारकी, सगली जालीच्या खोपट्यात. चारी दांडगी खोकत व्हती, जशी पाववाल्यांची वरात.”

येथे सांगायला हवे, की पास्कोल तेव्हा राजोडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या एका शेटच्या बंगल्याचा रखवालदार होता. बागेतल्या उत्पन्नावर त्याचे भागत नव्हते आणि त्या चाकरीवर त्याचे घर चालत होते. हे मला ठाऊक होते. ती चार कुत्री आणि ते खोपटे मात्र मला ठाऊक नव्हते.

“मग?” रेजिनाने विचारले.

“मग काय? त्याच्या आधीच मुंबयचा डाक्तर येऊन गेला व्हता. म्हनला, खोकला हाय, जाईल आपसूक. पन भायेरचं एक कुत्रं आत घेऊ नका, नि आतलं भायेर सोडू नका. माज्या समोर पास्कोलभावाला बजावलं.”

“आणि आता कशी आहेत ती चार?”

“त्यांना काय धाड भरली! बादली-बादली पानी पितात नि माज्या पाटीवर भुकतात.”

रेजिनाने तिच्याकडून त्या दिवशी मासळी घेतली नाही. तिचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि तो तिने बराच वेळ काढला नाही.

त्याच संध्याकाळी मी अंगण ओलांडले. पास्कोल सुकेळी वाळलेल्या पानांत बांधत होता. मी उभ्यानेच विचारले. त्याने मान वर केली नाही.

“हिराबायचं ऐकतोस? ती तराजूत पापलेट खरं तोलत नाही, ती कुत्र्याचं खरं सांगणार?”

“ओटीवर ठेवीन म्हणाला होतास.”

“ठेवली होती.”

“कुठल्या ओटीवर?”

“मास्तर,” तो गाठ मारत म्हणाला, “हा वर्ग नाही, आणि मी बाकावर उभा राहणारा नाही. कुत्रं गेलं. दुसरं आण.”

पुढच्या हिवाळ्यात माझ्या ताट्या घरामागे गेल्या आणि दोन घरांमध्ये कुंपण आले. पास्कोलने मोगरीला पिसाळलेली का ठरवले, याबद्दल माझे एक अनुमान आहे. अनुमान म्हणूनच लिहितो. मी मोगरीला दवाखान्यात नेणार, डॉक्टर विचारणार की ही कुठे राहिली होती, आणि शोध बंगल्यापर्यंत पोचणार. मग चाकरी गेली असती. त्याने माझ्याकडे येऊन एवढेच सांगितले असते, तर मी तोंड शिवून घेतले असते. एका खोकल्याचा मामला होता. तीन आठवडे मुलांना तिच्यापासून दूर ठेवले असते, पट्टा काढला असता, आणि वाल काढणीच्या सुमारास ती पुन्हा कावळ्यांच्या मागे धावली असती. मला सलते ते हेच. आमच्या मैत्रीचे मोल मी धरत होतो त्यापेक्षा त्याने कमी धरले. मोगरीने मात्र माझे मोल जास्त धरले. मी उचलले तेव्हा तिने अंग अगदी सैल सोडले होते. फसवणुकी दोन झाल्या. एक त्याने माझी केली. दुसरी माझ्या हातून झाली आणि तिच्यासाठी आळीने माझे कौतुक केले.

हल्ली रविवारी मिस्साच्या वेळी शांतीचे अभिवादन करताना पास्कोल माझ्याकडे वळून हात जोडतो. मीही जोडतो. रेजिना होती तोवर ती त्या क्षणी पुस्तकात गाणे शोधत असे. तिला जाऊन सहा वर्षे झाली. मोगरी कुठे आहे, कशी गेली, हे मला ठाऊक नाही. सुरूच्या बनात, वाळूत, की खाडीच्या कडेला. जे ठाऊक नाही ते मी लिहीत नाही. हा संयम स्मरणिकेच्या संपादकांनीही पाळावा.

ते म्हणतात, हिराबाय आता हयात नाही, डॉक्टरीणबाईंनी मोगरीला पाहिलेले नाही, आणि मास्तर म्हाताऱ्या मनाने जुने उगाळत बसले आहेत. पास्कोलला खरोखरच ती पिसाळलेली वाटली असेल. त्याने आळीच्या भल्यासाठीच केले असेल. ठीक आहे. हिराबाय बाजूला ठेवा, बोंबील बाजूला ठेवा, डॉक्टरीणबाईही बाजूला ठेवा. त्या सकाळची एक गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. सायकलच्या टोपलीत ठेवताना पट्टा गळ्यात रुतला आणि मोगरी उलटून पास्कोलला चावली. उजव्या हाताला, अंगठ्याखाली, रक्त येईपर्यंत. रेजिनाने पाणी ओतले, मी माझा रुमाल बांधला, रस्त्यावरच्या पाच-सहा जणांनी पाहिले. त्यांतले दोघे अजून आहेत. त्या काळी पिसाळलेले कुत्रे चावले, की बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि न घेणारा मरत असे, हे आळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मी भयाने नऊ दिवस त्याच्यासाठी नोव्हेनाची प्रार्थना केली आणि रोज विचारत राहिलो, “सुरू केलीस का?” पास्कोल आज माझ्याच वयाचा, चौऱ्याऐंशी वर्षांचा, धडधाकट आहे. चौदांपैकी एकही इंजेक्शन घ्यायला तो गेला नाही.